बुधल्याचं मूळ

शहराचं पाणी जिथे तपासलं जातं त्या प्रयोगशाळेच्या तळघरात एक भांडार होतं. भांडारात चारशे तेरा जिन्नस होते आणि चारशे तेरांच्या चिठ्ठ्या शुद्ध लिहिलेल्या होत्या. जगातल्या किती भांडारांबद्दल असं सांगता येईल, शंकाच आहे. यामागे भांडारपालाचा हात होता. गेली एकतीस वर्षं तो तिथे बसून चंबू, नळ्या, चिमटे आणि बादल्या देत-घेत होता, आणि मागणीपत्रात कुणी ‘पिशवि’ लिहिलं की पिशवी न देता कागद परत करत होता. लोक दोन मजले चढून वर जायचे, वेलांटी दुरुस्त करून आणायचे, मग पिशवी मिळायची. म्हणून सगळे त्याला वेलांटी म्हणत. पाठीमागे म्हणत आणि तोंडावरही म्हणत, कारण तोंडावर म्हटलेलं त्याला आवडायचं.

अशा माणसाच्या टेबलावर एक दिवस मुख्य कार्यालयाचा तक्ता येऊन पडला. रकाने चार होते: वस्तूचे नाव, नग, स्थिती आणि मूळ. मुख्य कार्यालयाला एवढंच विचारायचं होतं की बाबांनो, ही वस्तू आली कुठून, बनवली कुणी. शेंबड्या पोरालाही हे कळलं असतं. पण वेलांटीला शेंबड्या पोरापेक्षा बरंच जास्त कळत होतं, आणि घोडं तिथेच पेंड खात होतं. ‘मूळ’ हा शब्द वाचून त्याचे डोळे पाणावले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा वरच्या लोकांना शब्दांची चौकशी करावीशी वाटली होती.

तो कामाला लागला. घरून तीन जाडजूड कोश पिशवीत घालून आणले आणि तीन आठवडे तक्ता भरला. गाळणी: गाळणे या धातूपासून. चिमटा: चिमटणे या धातूपासून. बादली: पोर्तुगीज. खुर्ची: अरबी. काचपट्टी: सामासिक शब्द, विग्रह सोपा. चारशे बारा जिन्नस असे मार्गी लागले आणि चारशे तेराव्यापाशी गाडी अडली. तो बुधला होता.

बुधला भांडाराच्या कोपऱ्यात लाकडी घडवंचीवर बसलेला असे. हिरवट काचेचा, पन्नास लिटरचा, अरुंद गळ्याचा आणि सुटलेल्या पोटाचा. त्यात शुद्ध केलेलं पाणी ठेवत. असे सात बुधले एके काळी होते. सहा फुटले किंवा फोडले गेले आणि त्यांच्या जागी प्लास्टिकचे डबे आले. हा सातवा वेलांटीने कुणालाही हात लावू दिला नव्हता. रोज सकाळी तो स्वतः मऊ फडक्याने त्याला पुसायचा. हा बुधला त्याच्या वडिलांनी फुंकलेला होता, हे त्याने बुडाखालच्या खुणेवरून ओळखलं होतं. गावाबाहेरची काचेची भट्टी बंद पडून वीस वर्षं झाली होती आणि वडिलांनी आयुष्यभर जे केलं त्यातलं जगात शिल्लक राहिलेलं, निदान वेलांटीला ठाऊक असलेलं, हे एकच. त्याने ही गोष्ट कचेरीत कुणाला सांगितली नव्हती. वडिलांनाही सांगितली नव्हती.

एका कोशात ‘बुधला’ पुढे व्युत्पत्ती संदिग्ध असं होतं, दुसऱ्यात नुसतं प्रश्नचिन्ह, आणि तिसऱ्याने ‘बुधली पाहा’ म्हणून हात झटकले होते. बुधली पाहिली तर तिथे ‘लहान बुधला’. वेलांटी प्रामाणिक माणूस. त्याने रकान्यात लिहिलं: अज्ञात.

आठ दिवसांत हुकूम आला. ज्या वस्तूचे मूळ अज्ञात आहे ती धोकादायक समजावी आणि येत्या गुरुवारी समितीसमक्ष फोडून नष्ट करावी. वस्तू: बुधला. नग: एक.

वेलांटी हुकूम घेऊन मॅडमच्या खोलीत गेला. मॅडम प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या आणि त्यांना येऊन महिनाच झाला होता. तक्त्यावर सही त्यांचीच होती. सही करताना त्यांनी ‘खुर्ची: अरबी’ वाचलं होतं आणि त्या दचकल्याही होत्या; पण नव्या माणसाने पहिल्याच महिन्यात विचारलं तर आपलं अज्ञान उघडं पडेल म्हणून गप्प बसल्या. या खात्यात असंच भरत असतील, असं त्यांनी मनाला समजावलं होतं.

“मग काहीतरी मूळ लिहून टाका ना,” मॅडम म्हणाल्या. “संस्कृत लिहा. संस्कृतला कोण नाही म्हणतंय?”

“खोटी व्युत्पत्ती मी लिहिणार नाही, मॅडम.”

“अहो, फुटेल तो.”

“फुटेल,” वेलांटी म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला की मॅडमनी पाण्याचा पेला पुढे केला. “पण खोटं लिहून वाचवला तर रोज सकाळी मी त्याला पुसू कसा?”

याला मॅडमकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की समिती नेमतात, तशी त्यांनी नेमली. काम एकच: गुरुवारच्या आत बुधल्याचं मूळ शोधणे. समितीत त्या स्वतः, प्रयोगशाळेचा केमिस्ट आणि गाडीचा ड्रायव्हर. ड्रायव्हर का, तर गुरुवारी हातोडा तोच आणणार होता, म्हणजे त्याचा विषयाशी संबंध होता.

केमिस्टला हे काम मनापासून आवडलं. त्याचं म्हणणं, शब्द आवाजावरून पडला असणार, आणि आवाज मोजता येतो. मंगळवारी सकाळी चौघं मिळून बुधला तिरका करू लागले. केमिस्टने कान गळ्यापाशी नेला. पाणी पडायला लागलं.

“बुड् बुड्,” ड्रायव्हर म्हणाला.

“बुद् बुद्,” केमिस्ट म्हणाला. “स्पष्ट द आहे.”

“ध ऐका, ध,” वेलांटी काकुळतीला येऊन म्हणाला. “द असेल तर काही उपयोग नाही.”

त्यांनी अकरा वेळा बुधला भरला आणि रिकामा केला. पाणी गरम करून पाहिलं, थोडं मीठ टाकून पाहिलं. केमिस्टने अहवालात लिहिलं की द सहा वेळा, ड पाच वेळा, ध एकदाही ऐकू आलेला नाही. अहवालात ‘ऐकु’ असं लिहिलं म्हणून वेलांटीने तो परत केला. केमिस्टच्या मनात ते राहिलं.

ड्रायव्हरचं मत वेगळंच होतं. “बुधवारी करत असतील. म्हणून बुधला. सोप्पं आहे.”

“मग मंगळवारी केला तर मंगळला म्हणतील का?” वेलांटीने विचारलं.

“मंगळवारी सुट्टी असेल.”

मॅडमनी बुधवारी आपला सिद्धान्त मांडला. बुध म्हणजे शहाणा. मोठं पोट, अरुंद गळा, आत पुष्कळ आणि बाहेर थोडं थोडं. शहाण्या माणसाचं याहून चांगलं वर्णन कोणतं? वेलांटी क्षणभर हुरळला. मग त्याने मान हलवली. “मॅडम, सुंदर आहे. म्हणूनच खोटं असणार.”

त्या संध्याकाळी तो घरी गेला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. दारापाशीच्या खुर्चीत बाबा बसले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचा काटकुळा माणूस. पण गाल मात्र सैल लोंबलेले, कारण चाळीस वर्षं त्या गालांनी नळी फुंकली होती.

“आलास,” बाबा म्हणाले.

“आलो,” वेलांटी म्हणाला. बाप-लेकांचं दिवसभराचं बोलणं साधारण एवढंच असे.

बायकोने मात्र त्याला स्वयंपाकघरात गाठलं आणि सगळं काढून घेतलं. ऐकता ऐकता ती कांदा चिरायची थांबली.

“अहो, काखेत कळसा आणि गावाला वळसा,” ती म्हणाली. “ज्या माणसाने तो केला तो बाहेर बसलाय. त्याला विचारा की.”

“त्यांना काय विचारू? त्यांनी बुधला केला, शब्द नाही केला. व्युत्पत्ती म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का त्यांना?”

“तुम्हाला बुधला फुंकता येतो का?”

खरी अडचण व्युत्पत्तीची नव्हतीच. तो बारा वर्षांचा असताना शाळेच्या वसतिगृहात राहायला गेला होता आणि बाबांनी त्याला पहिलं पत्र पाठवलं होतं. त्याने त्यातल्या अकरा चुकांखाली लाल शाईने रेघा मारून पत्र परत पाठवलं. बाबांना आनंद होईल असं त्याला खरंच वाटलं होतं. मास्तर त्याच्या वहीत तसंच करत आणि त्याला आनंद व्हायचा. त्यानंतर बाबांचं पत्र आलं नाही. त्यानंतर बाबांनी सहीपलीकडे काही लिहिलेलं कुणी पाहिलं नाही. त्या पोराच्या दोन कानाखाली ठेवून द्यायला हव्या होत्या, असं वेलांटीला हल्ली वाटायचं. पण ते पोर आता अठ्ठावन्न वर्षांचं झालं होतं.

“उद्या फोडणार आहेत,” बायको म्हणाली, “तर निदान बघू तरी द्या त्यांना. हक्क आहे त्यांचा.”

गुरुवारी सकाळी अकरा वाजता समिती तळघरात जमली. ड्रायव्हरने हातोडा आणला होता, केमिस्टने डोळ्यांना लावायचे चष्मे वाटले. खाली जुनी सतरंजी अंथरली होती. तेवढ्यात वेलांटी बाबांना घेऊन जिना उतरला. बाबांना त्याने वाटेत एवढंच सांगितलं होतं की एक जुनी वस्तू ओळखायची आहे.

बाबा घडवंचीपाशी गेले. त्यांनी बुधल्याकडे नीट पाहिलंही नाही. आधी हात त्याच्या बुडाखाली घातला आणि चाचपत राहिले. तिथे, गळा घडवताना बुडाला चिकटवलेली सळई तोडल्याचा वण होता.

“हा माझा,” ते म्हणाले. “इथे असा डावीकडे कलता वण माझाच. दुसऱ्यांचे सरळ असायचे. हा इथे आहे होय?”

“एकतीस वर्षं आहे,” वेलांटी म्हणाला.

“एकतीस वर्षं तू इथेच आहेस.”

“हो.”

बाबांनी बोटाच्या पेराने बुधल्यावर टिचकी मारली आणि ऐकत राहिले.

मॅडमचं घड्याळाकडे लक्ष गेलं. “आजोबा, एक सांगा. ‘बुधला’ या शब्दाचं मूळ काय?”

“ते मला काय ठाऊक?” बाबा म्हणाले. “आम्ही याला बुधला म्हणतच नव्हतो. भट्टीवर आम्ही याला ढोल्या म्हणायचो. बुधला तुम्ही लोक म्हणता.”

केमिस्टने हातातला अहवाल गुंडाळून खिशात घातला.

“कशाला हवंय पण मूळ?” बाबांनी विचारलं. मॅडमनी तक्ता दाखवला. बाबांनी तो डोळ्यांजवळ धरला, चारही रकाने सावकाश वाचले. “हे इथे विचारलंय ते? वस्तू आली कुठून? मग मूळ मी. मी केला हा. यात शोधायचं काय?”

मॅडमनी सकाळपासून हातात असलेलं मुख्य कार्यालयाचं पाकीट आत्ता फोडलं. आत दोनच ओळी होत्या. आपल्याकडील बादल्या पोर्तुगालहून व खुर्च्या अरबस्तानातून मागवण्याचे प्रयोजन काय, याचा खुलासा करावा. मॅडमनी ते मोठ्याने वाचलं. ड्रायव्हर भिंतीकडे तोंड करून हसला. वेलांटीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. चारशे तेराच्या चारशे तेरा नोंदी चुकल्या होत्या, आणि त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

“खुलासा मी करते,” मॅडम म्हणाल्या. आपणही ताकाला जाऊन भांडं लपवलं होतं हे त्यांना पुरतं कळलं होतं. “आधी हा वाचवू.” त्यांनी तक्त्याची मागची बाजू वाचली. मूळ अज्ञात ठरलेली वस्तू ठेवायची तर निर्मात्याने दाखला स्वहस्ते लिहून द्यावा. खाडाखोड चालणार नाही. मुदत हुकुमात दिलेल्या दिवसापर्यंत. दाखल्याचा कोरा कागद सोबत जोडलेला होता, एकच.

मॅडमनी पेन पुढे केलं. बाबांनी ते घेतलं नाही.

“अंगठा चालेल का?” त्यांनी विचारलं.

“आजोबा, तुम्हाला लिहिता येतं ना? आत्ता तुम्ही वाचलंत.”

“वाचता येतं,” बाबा म्हणाले आणि त्यांनी एकदाच मुलाकडे पाहिलं.

वेलांटीने ती नजर पाहिली आणि तो पाठ फिरवून उभा राहिला. फळीवरच्या चंबूंच्या चिठ्ठ्या वाचत राहिला. मागे पेनचा आवाज येत होता. बराच वेळ येत होता, मग थांबला. तो वळला. कागदावर मोठ्या, गोल, एकमेकांना न टेकणाऱ्या अक्षरांत एक ओळ होती: बूधला मि केला. खाली सही.

वेलांटीचा हात खिशातल्या पेनकडे गेला. खाडाखोड चालणार नाही, हे आठवून तो तिथेच थांबला.

केमिस्टने घसा खाकरला. तो दुष्ट माणूस नव्हता, पण त्याचे सोळा-सतरा कागद वेळोवेळी परत आले होते आणि माणसाचं मन ते. “मॅडम, एक बारीक गोष्ट. फोडायचा हुकूम बुधल्याचा आहे, पहिला उकार. दाखला बूधल्याचा आहे, दुसरा उकार. मुख्य कार्यालय म्हणेल, ही वेगळी वस्तू. हा कागद यांनी स्वतःच परत केला असता.”

सगळ्यांनी वेलांटीकडे पाहिलं. त्याने परत केला असता. शपथेवर सांगितलं असतं की बूधला नावाची वस्तू भांडारात नाही.

“राहू दे,” बाबा म्हणाले. “चूक माझ्या हातची आहे. फोडा तुम्ही. काय, काचच आहे.” असं म्हणून ते मागे सरले आणि ड्रायव्हरला वाट करून दिली.

ड्रायव्हरने हातोडा उचलला नाही. मॅडम वेलांटीकडे वळल्या. “एक करता येईल. तुम्ही लिहून द्या की दोन्ही एकच. इथे ऱ्हस्वदीर्घातले अधिकारी तुम्हीच. तुमचं लिहिणं वरचे लोक मानतील.”

याच आठवड्यात सोमवारी याच माणसाने खोटं लिहायला साफ नकार दिला होता, तेव्हाही बुधलाच पणाला लागला होता. आता तो टेबलाशी बसला. कोरा कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘बुधला’ आणि ‘बूधला’ एकच. ऱ्हस्व आणि दीर्घ यांत काही फरक नाही. खाली पूर्ण सही केली, तारीख घातली, शिक्का मारला.

ड्रायव्हरने तो कागद हातात घेऊन दोनदा वाचला आणि केमिस्टकडे दिला. केमिस्टने तिसऱ्यांदा वाचला. त्याचा चेहरा आनंदाने फुलायला हवा होता, पण तो उगाचच ओशाळला. मग तिघंही दोन्ही कागद घेऊन वर गेले, पाकीट त्याच दिवशी टपालात पडायला हवं होतं. हातोडा सतरंजीवरच राहिला.

खाली बाप-लेक उरले. बाबा बुधल्याच्या पोटावर हात ठेवून उभे होते.

“फरक असतो ना पण?” त्यांनी विचारलं.

“असतो.”

“मग नाही असं लिहिलंस.”

“लिहिलं,” वेलांटी म्हणाला. “बाबा, त्या पत्राचं माझं फार चुकलं.”

बाबांनी हात झटकला, माशी हाकलावी तसा. “तू मला अडाणी समजतोस. पहिला कुठला आणि दुसरा कुठला हे मला कळतं. भोपळा नाही माझ्या डोक्यात. हा दुसरा उकार मी मुद्दाम दिला.”

“मुद्दाम?”

“एवढा मोठा आहे तो,” बाबा म्हणाले. “याला लहान उकार कसा देणार? शोभेल का?”

वेलांटीने बुधल्याकडे पाहिलं. एकतीस वर्षं पुसत होता, पण हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. तीन कोशांतही नव्हतं.

“आणि ‘मी’ला पहिली वेलांटी का दिलीत?” त्याने विचारलं. विचारताना त्याचा आवाज अगदी शाळकरी झाला होता.

“आता मी काय एवढा मोठा राहिलोय का?” बाबा म्हणाले, आणि जिना चढायला म्हणून त्यांनी हात त्याच्याकडे केला.